कातळवेढ्याचा थोरला

"दार कुनी लावलं?"

सिदूच्या या प्रश्नाला तो जिवंत असेपर्यंत कुणी उत्तर दिले नाही, असे गावातले म्हातारे गोंदाआजा सांगतात. कातळवेढ्यात आलेल्या पाहुण्यांना ते आधी वेशीच्या दाराशी नेतात आणि बाहेरची लोखंडी कडी दाखवतात. या गावात खांद्याला लावून उडवायच्या बंदुकीला 'थोरला' म्हणतात. का, ते या कडीपाशीच कळते.

रायाजी हा सिदूचा थोरला भाऊ. आईबापामागे त्यानेच सिदूला खांद्यावर घेऊन वाढवले. गावातली एकुलती बंदूक त्याच्याकडे असे. एकदा लुटारू आले. गुरे, बायकापोरे आत जाईपर्यंत रायाजी बाहेर एकटा बार काढत राहिला. मग वळला, तर दार बंद. सिदू रानातून परतला तेव्हा भाऊ दाराशी पडला होता आणि फळ्यांवर त्याच्या रक्ताळल्या मुठी उमटल्या होत्या.

सिदू भावाची बंदूक खांद्यावर टाकून थेट पाटलांपुढे गेला.

"गावानं लावलं, पोरा," पाटील म्हणाले.

"गावाला हात असत्यात व्हय? दाखवा की हात!"

कुणी दाखवला नाही. त्या दिवसापासून सिदू गावचे पाणी प्यायला नाही म्हणे. वेशीबाहेरच राहिला. कुणी "ती बंदूक ठेव आता" म्हटले, की अंगावर धावून जाई. "बंदूक कुनाला म्हंतो रं? माझा थोरला हाय ह्यो! म्हन, थोरला!" लोक भीतीने म्हणू लागले.

वर्षाने लुटारू पुन्हा आले, भर दुपारी. माणसे आत पळाली. शेवटी म्हातारे पाटील धडपडत निघाले. सिदूने नळी आधी त्यांच्यावरच रोखली, असे सांगतात. पाटील जागीच थांबले.

"हो आत, म्हाताऱ्या," तो थुंकून म्हणाला.

पाटील आत गेले. लुटारूंची घोडी ओढ्यापर्यंत आली, तरी दार सताड उघडे. "सिदू, ये रं आत!" लोक ओरडत होते. त्याच्या प्रश्नाच्या धाकाने दाराला हात लावायला कुणी धजेना.

आजही दसऱ्याला थोरला वेशीबाहेर नेतात. एकजण कडी धरून विचारतो, "दार कुनी लावलं?" आतून गाव म्हणते, "सिदूनं." पहिल्या वेळचे नाव आजही कुणी घेत नाही.

त्या दुपारी सिदूने थोरला खांद्याला लावला, दुसऱ्या हाताने कडी धरली आणि बाहेरून दार ओढून घेतले.