वर गेलेले हात

रविवारची उपासना संपली होती. चर्चच्या रंगीत काचांतून ऊन झोपाळूपणे उतरत होतं. डोळे मिटून बसलेल्या सुवार्ताला टेकडीखाली, आपल्या आळीत, अजून न बसलेला नळ वाहताना ऐकू येत होता. मग नळ बसवून देणाऱ्या संस्थेच्या प्रधानसाहेबांचा आवाज मध्ये आला.

"निर्णय लोकांचाच. नळ इथं चर्चच्या दारात हवा, त्यांनी हात वर करा."

दारात संस्थेची पाटी छान दिसली असती. पंचांचे हात झटकन वर गेले. जन्मात घागर न उचललेले म्हातारे! पाणी वाहणाऱ्या बायकांना कुणी विचारलंच नाही.

सुवार्ता उठली. उपासनेसाठी बायकांनीच भरून आणलेला हंडा तिनं उचलला आणि पंचांतल्या शामुवेलकाकांच्या डोक्यावर ठेवला.

"अगं पोरी, हे काय?"

"हात वर आहे ना, काका. आमचा हात असा वर गेला की डोक्यावर हंडा असतो. आता हा टेकडीखाली घरी पोचवा, मग तुमचं मत धरू."

काकांच्या कॉलरमध्ये पाणी ओघळलं. मागचे हात एकेक करून खाली आले. प्रधानसाहेबांनी तर आपले खिशातच घातले.

"साहेब," काका मान न हलवता म्हणाले, "नळ खालच्या आळीतच घ्या. पण आधी हा हंडा घ्या."