नुसता ठेका

"गुरुजी, मी एवढा राबतो, तरी हे लोक माझ्यावरच का चिडतात?"

म्हादबा गुरव देवळाच्या ओसरीत डग्ग्याची वादी आवळत बसले होते. त्यांनी मान वर केली नाही. वर्षभरात हा प्रश्न ते चौथ्यांदा ऐकत होते.

विचारणारा चंद्रहास कापडणीस त्यांचाच शिष्य. एके काळी तबला बरा वाजवायचा. आता शहरातल्या मोठ्या कलासंकुलाचा संचालक झाला होता आणि दोन मोबाईल बाळगत होता.

"कोण चिडलं?"

"चार गायकांनी मिळून पत्र दिलंय. संचालक बदला, नाहीतर महोत्सवाला येणार नाही. उद्या विश्वस्तांची बैठक आहे, माझी खुर्ची राहते की जाते ते तिथं ठरेल. तुम्ही फक्त एक फोन करा. तुमचा शब्द ते मोडणार नाहीत."

"तू काय केलंस?"

"काय नाही केलं ते विचारा. कुणी कुठला राग गायचा ते मी ठरवतो. दिवे मी बघतो. निवेदनही मीच करतो. परवा सुमतीबाई गाता गाता पाणी प्यायला थांबल्या, तर तेवढा वेळसुद्धा मी वाया जाऊ दिला नाही. पुढचे कार्यक्रम जाहीर करून टाकले."

"मग?"

"मग काय... त्या उठून गेल्या. आता बोला. मरमर मरायचं तरी कुणासाठी?"

म्हादबांनी वादीला गाठ मारली आणि तबल्याची जोडी त्याच्यापुढं सरकवली.

"विलंबित एकताल धर. नुसता ठेका. मी गातो."

"गुरुजी, ते फोनचं..."

"धर म्हणतो ना."

चंद्रहासनं घड्याळ बघितलं आणि ठेका धरला. म्हाताऱ्याचा गळा थकला होता, पण सूर जागेवर होता. आलाप घेत घेत ते वर गेले, एका सुरावर टेकले आणि गप्प झाले...

चंद्रहासनं लगेच एक झकास तुकडा वाजवून समेवर आणला.

म्हादबांनी डग्ग्यावर हात ठेवला.

"काय सांगितलं होतं?"

"नुसता ठेका. चुकलं."

"परत."

परत ठेका, परत आलाप. त्याच सुरावर म्हादबा परत गप्प झाले. चंद्रहासनं ओठ आवळून दोन मात्रा कशाबशा काढल्या. तिसरीला बोटं वळवळली आणि तुकडा निघालाच.

म्हादबांनी डोळे मिटून घेतले. बारा वर्षं या पालथ्या घड्यावर आपण पाणी ओतलं, हे त्यांच्या तोंडावर कुणालाही वाचता आलं असतं.

"आता का वाजवलंस?"

चंद्रहासही वैतागला होता. बैठक उद्यावर आली आणि गुरुजींना एकताल सुचतोय.

"तुकडा वाईट होता का?"

"चांगला होता."

"मग बिघडलं कुठं, गुरुजी? तुम्ही थांबला होतात. जागा रिकामी पडली होती. कुणीतरी भरायला नको?"

म्हादबांनी तबल्याची जोडी परत आपल्याकडं ओढून घेतली.

"रिकामी कुठली, चंदर? मी होतो की तिथं."