पत्र्याच्या पिंपातलं पोळं

माश्यांना अजून बोलायचा कंटाळा आला नव्हता, तेव्हाची ही गोष्ट. मधमाश्यांचं एक पोळं जांभळाच्या ढोलीत सुखानं नांदत होतं. नव्या राणीला मात्र ढोली जुनाट वाटली. माळावर आडवं पडलेलं पत्र्याचं चकाकतं पिंप तिच्या मनात भरलं आणि सगळं पोळं तिकडं हललं.

"राणीसाहेब, ह्याचं तोंड पश्चिमेला आहे. दुपारी भाजून निघू आपण," म्हातारी वेणूआक्का म्हणाली.

"मग पंख कशाला आहेत? वारा घाला!"

चैत्रात पिंप तापलं, मेण पाझरू लागलं. आधी दहाजणी दारात उभ्या राहून वारा घालायच्या, मग शंभर, मग निम्मं पोळं. उरलेल्या निम्म्या दिवसभर पाणी आणून शिंपडायच्या. वेणूआक्काच्या पंखांच्या चिंध्या झाल्या, तरी तिला थांबता येईना; थांबली असती तर पिल्लं शिजली असती.

एका दुपारी राणी खुशीत म्हणाली, "किती गार वाटतंय! आता जरा मध आणा बघू."



"जांभळाचा बहर येऊन गेला, राणीसाहेब," वेणूआक्का पंख न थांबवता म्हणाली. "आम्ही सगळ्या इथंच होतो."