बुवांची पट्टी

एकदा एका रचनाकार बुवांनी आपल्या शिष्याचा गळा घालवला. दोष बुवांचाच. असल्या गोष्टींत शेवटी शिष्यच अश्रद्ध ठरतो, म्हणून हे आधीच सांगून टाकतो.

बुवा विद्वान होते, त्याबद्दल वाद नाही. त्यांनी नवे राग बांधले, बंदिशी रचल्या, आणि संगीताचा अनुभव म्हणजे नेमकं काय, यावर जाडजूड ग्रंथ लिहिले. पण वयोमानाने त्यांचा श्वास पुरेना. त्यांचे राग लोकांपुढे मांडू शकेल असा एकच गळा उरला होता, शिष्याचा.

अडचण पट्टीची होती. 'सा' ज्या उंचीवर धरायचा, ती पट्टी. बुवा उभी हयात काळी दोनमध्ये, म्हणजे पेटीच्या दुसऱ्या काळ्या पट्टीवर 'सा' धरून, गायले. शिष्याचा आवाज ढाला, खालच्या स्वरांचा. त्याला त्याहून खालची पांढरी एकच मानवायची.

एका कापडाच्या व्यापाऱ्याने सकाळची बैठक ठेवली. शिष्याने तंबोरे आपल्या पट्टीत लावले. बुवांनी ते क्षणभर ऐकले, उठले, आणि सगळ्यांदेखत स्वतःच्या हाताने खुंट्या पिळून दोन्ही तंबोरे काळी दोनपर्यंत चढवले.

शिष्य हळूच म्हणाला, "बुवा, घसा फार दुखतोय. आज थुंकीत लाल दिसलं."

"माझाही दुखायचा."

व्यापाऱ्याला राहवलं नाही. "बुवा, गाऊ द्या की त्याला त्याच्या मापाचं. आम्हाला कुठं कळतंय वर-खाली."

"शेठ, माप तुमच्या दुकानात," बुवा म्हणाले. लोक हसले. मग बुवा गंभीर झाले. "हा राग मला ज्या स्वरात सुचला, त्याच स्वरात त्याचा अनुभव वसतो. खाली उतरवला की उरतो तो नुसता सांगाडा. गाणाऱ्याने स्वतःला विसरावं, घशासकट. ज्याला घसा आठवतो त्याला राग दिसत नाही."

माना डोलल्या. मागून कुणीतरी 'अहाहा' केलं. अनुभवावर एवढं लिहिलेल्या माणसाने समोरच्याला काय होतंय एवढं विचारू नये, आणि वर त्याला साधना म्हणावं!

शिष्य गायला. तार षड्जाला, वरच्या 'सा'ला, आवाज फाटला. तो पाणी प्यायला, पुन्हा चढला, पुन्हा फाटला. "सोडू नकोस, जवळ आलायस," बुवा मांडीवर ताल धरून म्हणत होते. पुढच्या खेपेला तोंडातून नुसती हवा आली.

डॉक्टरांनी पुढे त्याला बोलायची परवानगी दिली, गायची नाही. तो बुवांकडे गेला, तेव्हा बुवांनी विचारलं, "काही गवसलं की नाही त्या दिवशी?"

"गवसलं," तो घोगऱ्या आवाजात म्हणाला. "राग तुमचा होता, पट्टी तुमची होती. अनुभव तेवढा मला आला."

बुवांनी कोपऱ्यातल्या तंबोऱ्याच्या खुंट्या सैल केल्या. त्यांना कळलं असावं. उशिरा कळून उपयोग काय, ते त्यांनी कुठे लिहिलेलं नाही.

त्यानंतर त्यांच्याकडे शिकायला कुणी आलं नाही. ग्रंथ अजून विकले जातात. त्यांचा एकही राग आज कुणी गात नाही.