बेडकीचे टायर

"…मग टायर बदलू का नको, तेवढं सांगा आबा."

लखू झोरे झोळीचा दोर वळत होते. त्यांनी मान वर केली नाही.

बिरदेव येडगे, वस्तीचा बिरू, उभाच राहिला. दोर एक वीत पुढे सरकला.

मंगळवारचा दिवस. पाऊस उघडून नऊ दिवस झाले होते. माथ्यावरची माती वाळली होती, झाडीतली अजून ओली होती.

उंबरघोळची धनगरवस्ती डोंगरमाथ्यावर आहे. खालचा डांबरी रस्ता आणि दवाखाना साडेपाच किलोमीटरवर. मधली वाट दगडांची आणि तांबड्या मातीची. आजारी माणसाला तिथवर झोळीतून नेतात. लांब वाशाला घोंगडं बांधायचं, माणूस त्यात निजवायचा, चौघांनी वासा खांद्यावर घ्यायचा. अडीच तास लागतात. एक्केचाळीस वर्षं झोळीच्या पुढच्या टोकाला लखूआबा होते. वस्तीतला प्रत्येक गडी झोळी धरायला त्यांच्याकडूनच शिकला. बिरूही.

श्रावणात शहरातल्या एका मंडळाने वस्तीला गाडी दिली. चार चाकांची, उघडी. पुढे दोघांनी शेजारी-शेजारी बसायचं, मागे छोटा हौदा. हौद्यात एक माणूस आडवा मावतो. दगडांवरून उड्या मारत जाते म्हणून वस्तीने तिचं नाव बेडकी ठेवलं. ती बिरूच्या ताब्यात आली, कारण सात वर्षं खालच्या रस्त्यावर त्याने वडापची, शिटं भरून नेणारी जीप चालवली होती. ती खाली जायला चाळीस मिनिटं घेते.

पण आजवर तिच्यातून एकही आजारी माणूस खाली गेला नव्हता. मीठ गेलं, पत्रे आले, बकऱ्याही गेल्या. आजाऱ्याला न्यायची वेळ आली की लोक म्हणत, आबांना विचारू.

"कितींदा घसरली?" आबांनी विचारलं.

"तीनदा."

"कुठं?"

"जांभळीच्या वळणावर."

"तिन्हींदा तिथंच?"

"तिथंच. टायर धरत न्हाईत आबा. गाडीसंगं आलेले टायर, त्येंची नक्षी बारीक. बटणाचे टायर मिळत्यात. बोटभर खोल बटणं. चिखल काय, दगड काय, सोडतच न्हाईत. मी दुकानदाराशी फोनवर बोललोय."

"मग घाल की."

"गाडी कोल्हापूरला न्यावी लागंल. आठ दिवस जात्याल."

आबांचा हात थांबला.

ओट्याच्या दुसऱ्या टोकाला बिरूची धाकटी बहीण सुनंदा नाचणी पाखडत बसली होती. नववा महिना. ती बाळंतपणाला माहेरी आली होती. दवाखान्यातल्या बाईंनी बारा दिवसांनंतरची तारीख दिली होती, आणि बाईंची तारीख मागेपुढे होते हे वस्तीला ठाऊक होतं.

"दादा आठ दिवस म्हणतोय," ती म्हणाली. "म्हंजे पंधरा धरा. पोरगं कोल्हापूरला गाडी बगायला जाईल."

"तू गप. आबा, जायचं तर उद्याच जायला पायजे. न्हाईतर जायचंच न्हाई. तुमी सांगाल तसं."

"मी झोळीतनं जाईन," सुनंदा म्हणाली. "आई तशीच गेली व्हती."

"गेली. परत आली न्हाई."

सूप थांबलं.

चौदा वर्षांपूर्वीची ती गोष्ट वस्तीत कोणी काढत नसे. बिरूची आई तिसऱ्या खेपेला अडली होती. झोळी निघाली तेव्हा सूर्य कासराभर वर आला होता. ती दवाखान्याच्या पायरीला लागायला साडेचार तास लागले. पायरीवरच ती गेली. तेव्हा बिरू तेरा वर्षांचा होता. पुढच्या टोकाला लखूआबा होते.

"अडीच तासाची वाट," बिरू म्हणाला. त्याचा आवाज चढला नव्हता. "साडेचार तास लागलं. तवाच ठरवलं मी, चाकावर बसायचं. झोळी बैलावानी चालती."

…

आबांनी दोर बाजूला ठेवला. ओट्यावर हात टेकून ते उठले. उठताना डावा गुडघा त्यांनी हाताने सरळ केला. त्यावर जुना, रुंद व्रण होता.

"चल. दाव तुझी बेडकी."

बेडकी वडाखाली उभी होती. बिरूने पुढच्या आसनावरची धूळ झटकली. आबा मागे गेले आणि हौद्यात चढून उताणे निजले.

"आबा, पुढं बसा की."

"पेशंट कुठं निजतोय?"

"…हितंच."

"तू कवा निजलायस हितं?"

बिरूने गाडी चालू केली.

पहिला टप्पा सपाट होता. नंतर उतार लागला. दगड आला की बेडकी उडे, आणि हौद्याच्या पत्र्यावर आबांचं डोकं आपटल्याचा आवाज येई. बिरूने तीन वेळा मागे पाहिलं. आबांचे डोळे मिटलेले होते. चौथ्यांदा त्याने पाहिलं नाही.

जांभळीच्या वळणावर वाट डावीकडे मुडपते. वर झाड, खाली कातळ, कातळावर ओल्या मातीचा थर. ऊन तिथे पोचत नाही. बिरूने ब्रेक दाबला. चाकं थांबली, गाडी थांबली नाही. ती आडवी होत सरकली आणि डोंगराच्या बाजूच्या चरात मागचं चाक घालून उभी राहिली.

दुसऱ्या बाजूला दरी होती.

"बगितलं?" बिरू म्हणाला. घाबरण्यापेक्षा त्याला बरं वाटल्यासारखं दिसत होतं. "ह्येच सांगत व्हतो मी. टायर!"

तो खाली उडी मारून उतरला. उतरताच त्याचा पाय सटकला. तो बसलाच.

आबा हौद्यातून उतरले. अनवाणी. ते त्याच मातीवर त्याच्या शेजारी उभे राहिले.

"बूट नवं हाईत?"

"…व्हय."

"बटणं किती खोल?"

बिरूने बुटाचा तळवा पाहिला. बोटभर खोल होती. खाचा मातीने भरून गेल्या होत्या.

"उठ," आबा म्हणाले. त्यांनी हात दिला नाही.

मग ते टायरपाशी उकिडवे बसले. हात आधी कातळावर टेकला, मग टायरवर गेला. अंगठ्याने दाबलं. दोन्ही अंगठ्यांनी दाबलं. टायर हलला नाही.

"दगड हाय ह्यो."

"हवा गच्च भरलीय, आबा. माणसाचं ओझं असतंय. वडापात आमी तसंच करायचो. शिटं जास्त, हवा जास्त."

"गाडी देणाऱ्यानं किती सांगितली?"

"पुस्तकात बारा पौंड लिहिलंय. मी अठ्ठावीस ठेवलीय." बिरूने मातीचा हात पँटला पुसला. "पुस्तक लिवणाऱ्याला उंबरघोळ कुठं ठावं हाय?"

"खरं हाय," आबा म्हणाले. "तुला ठावं हाय."

बिरूने स्वतःच टायर दाबून पाहिला.

आबांनी उठून उजवा पाय कातळावर ठेवला. हळूच. आधी बाहेरची कड, मग चवडा, मग टाच. पायाची बोटं एकेक करून सुटी झाली आणि कातळाच्या उंचसखल भागावर पसरली. भार आल्यावर तळवा आणखी रुंद झाला.

"बग."

"बगतोय."

"काय दिसलं?"

"पाय."

आबा वळले. जांभळीखाली करवंदीची जाळी होती. तिथून त्यांनी एक जाड काटा मोडला. टायरच्या व्हॉल्व्हचं टोपण फिरवून काढलं, आणि काटा आत दाबला.

फुस्स…

"आबा!" बिरू पुढे धावला. त्याचा पाय पुन्हा सटकला. "आबा, हवा जातीया! वर पंप न्हाई! पायपंप खाली हॉटेलात ऱ्हायलाय!"

आबांनी काटा काढला नाही. ते अंगठ्याने टायर चाचपत होते, कणीक मळून झाली की नाही ते बघावं तसे. अंगठा नखभर आत गेला तेव्हा त्यांनी काटा काढला. दुसऱ्या चाकाकडे गेले.

"तुमास्नी गाडीतलं काय कळतंय, आबा?"

"काय बी न्हाई."

फुस्स…

चारही चाकं झाली. बेडकी चार बोटं खाली बसली. बिरू तिच्याकडे पाहत राहिला. ती त्याला पंक्चर झालेल्या गाडीसारखी दिसत होती, आणि वडापवाल्याला तसं काही बघवत नाही.

"आता वर तर जाणारच न्हाई ही," तो म्हणाला.

आबा हौद्यात निजले.

"मला झोप लागली पायजे," ते म्हणाले. "जाग आली तर मी उतरून चालत जाणार."

बिरूने गाडी चालू केली. गिअर टाकला. मागचं चाक चरात एकदा फिरलं, मग चराच्या कडेवर दबलं, आणि कडेवरून चढलं. तो वळणाच्या वर गेला. तिथे थांबला. 

मग त्याने वाकून बूट काढले आणि शेजारच्या आसनावर ठेवले. अनवाणी पाय पेडलवर ठेवले.

तो पुन्हा उतरू लागला. दगड आला. त्याने गाडी एकदम चढवली नाही, थांबला, चाक दगडाला टेकू दिलं, मग सोडलं. टायर दगडावर बसला आणि पलीकडे उतरला. वळणावर त्याने ब्रेक दाबला नाही. पहिल्या गिअरवरच तिला धरून ठेवली. ओल्या मातीवर चाकं रुंद झाली. मागची बाजू एकदा डगमगली, विचार केल्यासारखी, आणि वाटेवरच राहिली.

वळण संपलं.

त्याने मागे पाहिलं. आबांचा एक हात हौद्याच्या कडेवरून बाहेर लोंबत होता. ते घोरत होते. खरंच की मुद्दाम, ते कळायला मार्ग नव्हता.

वळणावर थांबलेला वेळ सोडला तर खाली डांबरापर्यंत जाऊन परत वर यायला दोन तास दहा मिनिटं लागली. उतरताना एक तास पाच मिनिटं. बिरूने मोबाइलमध्ये वेळ पाहिली. चाळीस मिनिटांच्या जागी एक तास पाच. वळणावर गाडी दोन्ही वेळा घसरली नाही. हॉटेलातला पायपंप त्याने बरोबर आणला. वापरला नाही.

सुनंदा ओट्यावरच होती. नाचणी पाखडून झाली होती.

"बेडकी बसल्यासारखी का दिसतीया?" तिने विचारलं. "अंडी घालतीया का?"

कोणी हसलं नाही. मग आबा हसले.

ते ओट्यावर बसले आणि दोर पुन्हा हातात घेतला.

"आबा," सुनंदा म्हणाली, "बसू का मी हिच्यात?"

"मला काय इचारतीस? त्येला इचार."

तिने भावाकडे पाहिलं. बिरूच्या पायांना घोट्यापर्यंत माती लागली होती. इतके दिवस तो आबांच्या तोंडून एक होकार मागत होता. आता होकार त्याच्याकडे मागितला जात होता.

"एक तास लागंल," तो शेवटी म्हणाला. "त्याहून बेगीनं नेणार न्हाई मी. वरडलीस तरी न्हाई."

"वरडणार तर मी हायच."

"वरड. उद्यापास्नं रोज एक फेरी मारतो. हौद्यात नाचणीचं पोतं ठेवून. तुझ्याएवढं."

"माझ्याएवढं?" सुनंदा म्हणाली. "दोन ठेव."

"कोल्हापूर?" आबांनी विचारलं.

"जात न्हाई. बटणाचे टायर बगू नंतर. चैतात."

"चैतात बग," आबा म्हणाले. "चांगलं असत्याल."

ते दोर वळत राहिले. ऊन ओट्यावरून उतरून अंगणात गेलं. सुनंदा सूप घेऊन आत गेली.

बिरू गेला नाही. आबांच्या समोर, खालच्या पायरीवर बसला. तिथून आबांचा डावा गुडघा त्याच्या डोळ्यांसमोर येत होता. चौदा वर्षांत त्याने तो व्रण शेकडो वेळा पाहिला असेल. कधी विचारलं नव्हतं.

"आबा."

"हं."

"वळणावर तुमी खाली बसला, तवा तुमचा हात आधी कातळावर गेला. टायरवर न्हाई."

…

"आईला न्हेलं तवा," बिरू म्हणाला, "साडेचार तास का लागलं?"

आबांनी दोराचं टोक दातांत धरलं. गाठ मारली. ती ओढून पाहिली. पुन्हा ओढून पाहिली.

मग दोर मांडीवर ठेवला.

"त्या दिवशी," ते म्हणाले, "जांभळीच्या वळणापत्तूर आमी पळालो व्हतो."