बस्त्यावचे हात

फार मागची गोष्ट. तिवरपाड्याच्या वेशीवरचा दगडी क्रूस तेव्हाही जुनाच होता. त्याला हात लावून खोटं बोललं तर हात जळतो, असं म्हणतात. मी बोलून पाहिलेलं नाही, तुम्हीही पाहू नका!

गावाची भातशेती खाडीच्या बांधामागं. बांधाला पाणी अडवणारं लाकडी दार, त्याला उघाडी म्हणायचं. तिची राखण बस्त्यावकडं. भात ऐन पोटरीत असताना एका भरतीला कुणीतरी उघाडी उघडली. खारं पाणी शेतात शिरलं. अख्ख्या गावाचं पीक गेलं हो!

झालं. ज्याला त्याला दुसऱ्याचा संशय. भाऊ भावाकडं वाकड्या नजरेनं बघू लागला. विहिरीवर बायका एकमेकींशी बोलेनात. शेवटी पाटील म्हणाला, "घरटी एकानं क्रूसाला हात लावायचा आणि म्हणायचं, मी नाही. ज्यानं केलं तो गावाबाहेर, पोराबाळांसकट."

रांग लागली. जो तो पुढच्याच्या बोटांकडं डोळे लावून. कुणी जरा रेंगाळला की कुजबुज. बस्त्यावची पाळी आली. त्याच्या मागं विधवा आंगेल, कडेवर तापातून उठलेलं पोर, चेहरा पांढराफटक. बस्त्यावनं तिच्याकडं एकदा पाहिलं आणि दोन्ही हात पाठीमागं नेले.

"मी शपथ घेणार नाही."

"बघा! चोराच्या मनात चांदणं!" पाटील ओरडला. रांग तिथंच मोडली. लोकांनी बस्त्यावला दगड मारत बांधापलीकडं हाकललं. एकालाही त्याला 'का रे बाबा' म्हणून विचारावंसं वाटलं नाही, याचा मला अजून राग येतो.

संध्याकाळी आंगेल भरल्या ताटावरून उठली. ती क्रूसाकडं धावली, दगडावर पंजा ठेवला आणि ओरडली, "उघाडी मी उघडली! पोर मरत होतं, वैद्याकडं न्यायला होडी खाडीत काढायची होती. दार परत लागेना. बस्त्यावला ठाऊक होतं!"

लोकांनी आधी तिचा तळवा तपासला. साधा फोडही नव्हता. पण तिनं हात उचलला तिथं दगडात एका पुरुषाचा रुंद पंजा उमटला होता, असं म्हणतात. सगळे बांधाकडं पळाले. बस्त्याव तेव्हा दिसला नाही, नंतरही कधी दिसला नाही. आंगेलला मात्र कुणी हाकललं नाही. कुठल्या तोंडानं हाकलणार?

आता क्रूस सरकारी संरक्षणात आहे. कुंपण आलं, पाटी आली. साहेब म्हणतात, तो खळगा पावसानं पडलाय. असेल. पण क्रूसाच्या सणाला बस्त्यावच्या नावानं अख्खं गाव हात पाठीमागं घेऊन प्रार्थनेला उभं राहतं.

यंदा कुंपणावरच्या नव्या पहारेकऱ्याला संशय आला. "काय लपवलंय? शपथेवर सांगा!"

कुणाचाही हात पुढं आला नाही. म्हातारी फिलू म्हणाली, "शपथ नको मागूस, बाबा. इथं कुणाकडंच मागत नाहीत. प्रार्थना झाली की जेवायला ये."