ढुशी आणि बोंबील

जंगल संपून माळ सुरू होतो, तिथं मेंढरांचा एक कळप राहायचा. त्यांच्यावर माणूस कुणी नव्हता. कारभार सगळा एका जाडजूड एडक्याचा. वळणदार शिंगं, दगडासारखं कपाळ, आणि त्या कपाळाचा भारी अभिमान. कळपाच्या राखणीला एक पिवळट कुत्रा होता, एक कान उभा, एक पडका. पोरांनो, हा कुत्रा वाईट नव्हता. आधीच सांगून ठेवतो, म्हणजे पुढं तोंडं वाकडी करणार नाही तुम्ही. लांडग्याचा वास त्याला लांबच्या टेकडीवरून यायचा. तो होता म्हणून दोन वर्षांत कळपातलं एकही कोकरू गेलं नव्हतं.

खोड एकच. म्हैस दिसली की त्याचं डोकं फिरायचं.

आता माळावर पाणी एकाच डोहात. दुपारी मेंढरं तिथं जायची आणि त्याच वेळी जंगलातल्या म्हशीही यायच्या. शिंगं दिसली रे दिसली की कुत्रा सुटायचा. भुंकणं म्हणजे काय भुंकणं! म्हशी बिथरायच्या, रेडकं चिखलात पडायची, डोहाचा राडा व्हायचा. मग एडका काठावरून गरजायचा, "ये इकडे! ये म्हणतो ना!"

कुत्रा यायचा. धापा टाकत, शेपूट पोटाशी घेऊन, पण यायचा. आणि आला की एडका दोन पावलं मागे जाऊन त्याच्या बरगडीत धाडकन ढुशी मारायचा. कळपाची रीतच होती तशी. चुकला त्याला ढुशी. हरवलेलं कोकरू घरी आलं तरी त्याला आधी ढुशी, मग चारा.

कुत्र्यानं यातून काय घेतलं ते बघा. त्याच्या मनात आलं, 'भुंकलो तेव्हा काही झालं नाही. धावलो तेव्हाही काही झालं नाही. हाकेला आलो आणि बरगडी मोडली. म्हणजे हाकेला जाण्यात धोका आहे.' चुकीचं काय होतं त्यात? तुम्हीही हेच शिकला असता. मग हळूहळू "ये" ऐकलं की कुत्रा लांब जाऊन बसायला लागला. एडका म्हणाला, "निगरगट्ट झालाय." आणि ढुशा वाढवल्या.

एक दिवस म्हशींची म्होरकी चिखलानं माखलेली काठावर आली. वय झालेली, बोलणं सावकाश, पण डोळे असे की समोरच्यानं गप्पच बसावं.

"काय हो एडकोबा," ती म्हणाली, "आज माझं रेडकू बुडता बुडता वाचलं. आठ दिवस देते. नवव्या दिवशी तुमचा कुत्रा एकदा जरी भुंकला, तर या डोहावर तुमच्या कळपाचं पाऊल पडायचं नाही."

"मावशी, अहो तो—"

"मावशी म्हणून पाणी मिळत नाही." आणि ती गेली.

एडक्यानं त्याच संध्याकाळी कळप गोळा केला. "ऐकलंत ना? आठ दिवसांत सुधारला तर ठीक. नाहीतर हा कुत्रा जंगलात जाईल. एकटा."

एकटा कुत्रा जंगलात किती दिवस टिकतो, हे लांडग्यांना विचारा. मेंढ्या खाली बघायला लागल्या. एक म्हातारी मेंढी पुटपुटली, "मग रात्रीची राखण कोण करणार, तुम्ही?" पण मोठ्यानं बोलायची हिंमत तिला झाली नाही. कुत्रा बाभळीखाली जाऊन पडला. या कळपाशिवाय त्याला घर ठाऊक नव्हतं. कोकरं त्याच्या पोटाला टेकून झोपायची, त्यांची ऊब त्याला आताच आठवायला लागली.

बाभळीवर एक कावळा बसला होता. म्हातारा, चोरटा आणि नको तिथं तोंड घालणारा.

"काय रे, म्हशींवर एवढा राग कसला तुला?" कावळ्यानं विचारलं.

"राग नाही," कुत्रा म्हणाला. "त्या जवळ आल्या की छातीत धडधडतं. मग काय होतं ते मला कळतच नाही. पिल्लू होतो तेव्हा गवतात झोपलो होतो. एकीचा खूर पायावर पडला."

"अस्सं! म्हणजे तू चिडत नाहीस, तू घाबरतोस."

"हळू बोल की! मेंढ्या ऐकतील."

कावळा खदखदून हसला आणि थेट एडक्यासमोर जाऊन उतरला. "एडक्या, तू ढुशा मारतोस त्याला किती दिवस झाले?"

"दोन पावसाळे."

"भुंकणं कमी झालं?"

एडक्यानं खुरानं माती उकरली. "वाढलं," तो म्हणाला.

"मग तू त्याला शिकवतोस, का तुझ्या कपाळाची खाज भागवतोस?"

मागं मेंढ्यांना एकाएकी खोकला आला. सगळ्यांना एकदम. एडक्यानं वळून बघितलं तशा त्या चरायला लागल्या. तिथं गवताची काडी नव्हती तरी.

"आठ दिवस तो माझ्या ताब्यात दे," कावळा म्हणाला. "आणि आठ दिवस ढुशी बंद."

"बंद? आणि शिस्त?"

"ती दोन पावसाळे बघितली आपण."

सकाळी गावात बाजार होता. कावळा गेला आणि सुकी मासळी विकणाऱ्या बाईच्या पाटीतून सुके बोंबील उचलून आणले. ती हाकलायची, हा झाडावर बसायचा, तिची पाठ वळली की पुन्हा पाटीत. चोरी वाईट, पोरांनो. तुम्ही करू नका. कावळ्याला कुणी सांगून उपयोग नाही.

दुपारी त्यानं कुत्र्याला डोहावर नेलंच नाही. लांबच्या टेकडीवर नेलं. तिथून म्हशी म्हणजे कुणी काळे उडीद सांडलेत असं वाटायचं. कुत्र्यानं बघितलं. उभा कान ताठ झाला. भुंकायच्या आत टपकन बोंबलाचा तुकडा पुढ्यात पडला.

कुत्र्यानं खाल्ला. पुन्हा म्हशींकडं बघितलं. पुन्हा तुकडा.

"हे कशाबद्दल?" त्यानं विचारलं.

"म्हैस दिसली म्हणून."

"म्हैस दिसली की बोंबील?"

"म्हैस दिसली की बोंबील."

कुत्रा विचारात पडला. असली म्हैस त्यानं आयुष्यात बघितली नव्हती.

दुसऱ्या दिवशी ते टेकडीवरून थोडे खाली उतरले. तिसऱ्या दिवशी आणखी थोडे. म्हशी आता शेळ्यांएवढ्या दिसत होत्या, आणि कुत्रा त्यांच्याकडं बघून लगेच कावळ्याकडं बघायचा, कुठाय माझा तुकडा म्हणून. चौथ्या दिवशी एडका सोबत आला. त्याला दम कुठला? "असं गोगलगाईसारखं काय चालवलंय? न्या एकदम काठावर!" आणि कुत्र्याला ढकलत नेलंच त्यानं. समोर शिंगं आली. कुत्र्याचे डोळे फिरले आणि भुंकण्याचा सपाटा सुरू. एडक्यानं सवयीनं मान खाली घातली, दोन पावलं मागं सरला.

कावळा त्याच्या शिंगावरच येऊन बसला. "खबरदार! चूक त्याची नाही. नेलं कुणी पुढं? तूच ना? मग ढुशी स्वतःला मारून घे."

एडक्याला स्वतःला ढुशी कशी मारायची ते कळेना. तो तसाच उभा राहिला. कावळ्यानं कुत्र्याला पुन्हा लांब नेलं, त्याची धाप शांत होऊ दिली, आणि पहिल्या दिवसासारखं पुन्हा सुरू केलं.

पाचव्या दिवशी कावळा म्हणाला, "आता हाक. एडक्या, बोलाव त्याला."

"ये!" एडका म्हणाला.

कुत्रा जमिनीला चिकटला. अंग थरथरायला लागलं, डोळे मिटले, बरगडी आत ओढली. समोर ना म्हैस होती, ना लांडगा. नुसता एक शब्द होता.

एडक्यानं ते पहिल्यांदाच नीट बघितलं. मग म्हणाला, "मी... मी एवढा वाईट आहे का रे?"

"तू नाही, ती हाक वाईट झालीय," कावळा म्हणाला. "नासलेलं दूध पुन्हा गोड होत नाही, टाकून द्यायचं. नवी हाक घे."

"काय म्हणू?"

"‘या की राव’ म्हणा!" मागून म्हातारी मेंढी ओरडली, आणि अख्खा कळप हसला.

"मी कारभारी आहे! कुत्र्याला राव म्हणू?"

"म्हणा हो, जीभ झिजत नाही."

"आणि नुसतं म्हणायचं नाही," कावळा म्हणाला. "आला की लगेच तुकडा द्यायचा. हा घे, धर तोंडात."

पोरांनो, एडका म्हणजे पाल्यावर वाढलेला जीव. त्याच्या तोंडात सुका बोंबील! त्याचे डोळे पांढरे झाले, ओठ मुडपले, नाकातून पाणी आलं. बोंबील दातात धरून तो कसाबसा बोलला, "या की लाव."

कुत्र्याचा पडका कान हलला. एक पाऊल पुढं आला, थांबला. दुसरं पाऊल. मान लांब करून त्यानं तुकडा हळूच काढून घेतला आणि पटकन मागं सरला. ढुशी आली नाही. त्यानं पुन्हा बघितलं. ढुशी नव्हतीच.

सहाव्या दिवशी तो चालत आला. सातव्या दिवशी पळत आला. आठव्या दिवशी असा सुसाट आला की एडकाच आडवा झाला, आणि उठल्यावर लाजून म्हणाला, "बरं, बरं. पुरे."

नववा दिवस उगवला. दुपारी कळप डोहावर गेला तेव्हा म्हशी आधीच पाण्यात होत्या. म्होरकी काठावर उभी. कुत्रा एडक्यापासून वीस पावलांवर उभा राहिला. त्यानं म्हशींकडं बघितलं. छाती धडधडली, पण थोडीच. त्यानं कावळ्याकडं बघितलं, तुकडा मिळाला. पुन्हा बघितलं, पुन्हा मिळाला. मेंढ्या एकेक करून पाण्याला तोंड लावू लागल्या.

तेवढ्यात बुडता बुडता वाचलेलं ते रेडकू चौखूर उधळत आलं. त्याला कुठलं आलंय भय! शेपूट वर करून सरळ कुत्र्याच्या अंगावर. खुरांचा आवाज, चिखलाचा फवारा. कुत्र्याच्या अंगावरचे केस उभे राहिले. घशात भुंकणं येऊन बसलं. म्होरकीनं मान वर केली.

"या की राव!"

एडक्यानं हाक दिली. कुत्र्यानं एकदा रेडकाकडं बघितलं, एकदा एडक्याकडं. घशातलं भुंकणं गिळलं, जागच्या जागी वळला आणि पळत सुटला. एडक्याच्या पायाशी येऊन बसला. एडका आठ दिवसांत जे शिकला होता तेच त्यानं केलं. तोंड वेडंवाकडं करून पायाशी ठेवलेला बोंबील उचलून दिला, एक नाही, तीन. आणि मग कुणी न सांगता कुत्र्याचं तोंड चाटलं.

"शी!" एडका लगेच म्हणाला. "बोंबलाचाच वास."

मेंढ्या हसून हसून पाण्यात बसल्या. रेडकू एकटंच उड्या मारत राहिलं.

म्होरकी सावकाश चालत आली. कुत्रा उठून उभा राहिला, पण जागचा हलला नाही. तिनं त्याला खालपासून वरपर्यंत बघितलं. मग बाजूला सरून काठावर एका कुत्र्यापुरती जागा केली.

"तहान लागली असेल," ती म्हणाली. "पी."

कुत्र्यानं एडक्याकडं बघितलं. एडक्यानं मान डोलावली. कुत्रा गेला आणि म्हशीच्या शेजारी उभा राहून, दोन पावसाळ्यांत पहिल्यांदा, पोटभर पाणी प्यायला.

तात्पर्य एवढंच : भ्यालेला जीव मारून शहाणा होत नाही, त्याच्या बेतानं थोडं थोडं पुढं न्यावं, आणि हाकेला आला की त्याला आल्याचा पस्तावा होईल असं कधी वागू नये.